न्यूमा: ग्रीकांच्या लेखी श्वास, जीव आणि धमन्यांमधली हवा

फुंकणी (धागाकर्ता)

'न्यूमा म्हणजे आत्मा' असं एका ओळीत सांगून मोकळं व्हायची पद्धत आहे. त्याने घोटाळा असा होतो की पुढे ॲरिस्टॉटल वाचा नाहीतर वैद्य गेलन वाचा, काहीच जुळत नाही. ग्रीकांचा न्यूमा ही वस्तू आहे. तिला जागा लागते, ती तापते, निवते, नळीतून वाहते, गाळली जाते आणि गळूनही जाते. तिच्याबद्दल त्यांच्यात जे वाद झाले त्यातले निम्मे नळकामाचे आहेत: कुठून शिरते, कुठल्या वाटेने जाते, वाट तुंबली तर काय बिघडतं.

म्हणून हा धागा. कुठलाही लेखक घेतला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. न्यूमा कशाचा बनलाय? तो बाहेरून येतो की जन्मापासून आतच असतो? आणि तो स्वतःच जीव आहे की जिवाच्या हातातलं हत्यार?

तिसऱ्या प्रश्नावर सरळ दोन तट पडतात. स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ म्हणतात, तोच जीव. ॲरिस्टॉटल आणि गेलन म्हणतात, हत्यार. हे आधी लक्षात ठेवलं तर बाकीचं वाचन सोपं जातं.

होमरमध्ये हा शब्दच नाही. तिथे 'प्सुखे' आणि 'थुमोस' आहेत. न्यूमा गद्यात येतो तो इ. स. पूर्व सहाव्या शतकात, मिलेटसच्या ॲनॅक्सिमेनीसच्या नावावर. त्याचं मूळ लिखाण हरवलंय. हाती आहे ते एटियस या नंतरच्या संकलकाने दिलेलं एक वाक्य. आपला जीव हवा आहे आणि तो आपल्याला एकत्र धरून ठेवतो, तसंच न्यूमा आणि हवा साऱ्या विश्वाला वेढून आहेत, असा त्याचा आशय. त्यातलं 'एकत्र धरून ठेवतो' हे क्रियापद नंतरच्या काळातलं वाटतं, म्हणून त्या वाक्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण हवा विरळ झाली की अग्नी, दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती, दगड ही त्याची उतरंड पक्की आहे.

सुरुवात कुणीही, कुठल्याही टोकाने करा.

---

तळटीप

होमरपासून करतो, कारण तिथली एक गोष्ट हमखास चुकते. होमरमधली प्सुखे जिवंतपणी काहीच करत नाही. राग, धाडस, ठरवणं ही सगळी कामं थुमोसकडे, आणि थुमोस असतो छातीत. प्सुखेची आठवण निघते ती माणूस मरताना किंवा बेशुद्ध पडताना. तिच्या बाहेर पडायच्या वाटाही कवीने सांगितल्यात. इलियडच्या नवव्या सर्गात अकिलीस म्हणतो की दातांचं कुंपण एकदा ओलांडलं की ती परत येत नाही, लुटून आणता येत नाही. चौदाव्यात ती जखमेतून धावत बाहेर पडते. सोळाव्यात पॅट्रोक्लस सार्पीडॉनच्या अंगातून भाला उपसतो तेव्हा भाल्याच्या टोकाबरोबर ती उपसली जाते.

पण हाच सार्पीडॉन पाचव्या सर्गात नुसता बेशुद्ध पडतो. तिथेही 'प्सुखे सोडून गेली' असंच म्हटलंय, आणि उत्तरेचा वारा अंगावरून वाहिल्यावर तो सावध होतो. म्हणजे नवव्या सर्गातला नियम कवी स्वतःच पाळत नाही. यातून एक नेटकं 'होमरचं जीवशास्त्र' रचायचा मोह टाळावा, ते महाकाव्य आहे. एवढं मात्र निश्चित की जाणारी वस्तू श्वासासारखी आहे, आणि गेल्यावर उरते ती धुरासारखी छाया. ओडिसीच्या अकराव्या सर्गात ओडिसियस आईला तीनदा मिठी मारायला जातो आणि तिन्ही वेळा हातात काही येत नाही.

---

शंकेखोर

ॲनॅक्सिमेनीसचा तो फुंकरीचा प्रयोग खरा का? ओठ आवळून फुंकलं की गार, तोंड उघडून सोडलं की गरम. यावरून म्हणे त्याने दाटपणा आणि थंडी यांचं नातं काढलं.

---

फुंकणी

हो. प्लूटार्कने शीततेवरच्या निबंधात तो दिलाय, आणि ॲरिस्टॉटलने काढलेली खोटही तिथेच आहे. ॲनॅक्सिमेनीसचं म्हणणं: ओठांनी दाबलेली हवा दाटते म्हणून गार होते, सैल सोडलेली विरळ असते म्हणून गरम. ॲरिस्टॉटल म्हणतो, तोंडातून दोन्ही वेळा गरमच हवा निघते. ओठ आवळून फुंकताना आपण समोरची बाहेरची थंड हवा ढकलत असतो, ती हाताला लागते.

कोण बरोबर हे दोन मिनिटांत कळतं.

ओठ आवळून फुंकर मारा आणि तळहात ओठांपासून एका बोटाच्या अंतरावर धरा. गरम लागेल. तीच फुंकर, तेवढाच जोर, हात वीतभर लांब न्या. गार लागेल. ओठांनी दाबून हवा थंड होत असती तर जवळ ती जास्त गार लागायला हवी होती. दुसरी खातरजमा म्हणजे आवळलेल्या ओठांनीच एका प्लॅस्टिकच्या पिशवीत फुंका आणि पिशवीचं तोंड ओठांभोवती घट्ट धरा. आत बाहेरची हवा ओढली जात नाही, पिशवी उबदार होते.

वेगाने निघालेला झोत आजूबाजूची हवा आपल्यात ओढून घेत जातो, शिवाय हातावरचा ओलावा उडवतो. म्हणजे ॲरिस्टॉटल बहुतांशी बरोबर. एकच काळजी घ्या: हात कोरडा ठेवा, नाहीतर घामामुळे जवळूनही गार लागतं आणि प्रयोग फसला असं वाटतं.

---

खलबत्ता

प्रयोगांचा विषय निघालाच आहे तर तत्त्वज्ञ एम्पेडॉक्लीसचं क्लेप्सिड्रा यायलाच हवं. श्वास कसा चालतो हे सांगणारा त्याचा मोठा उतारा ॲरिस्टॉटलच्या श्वसनावरच्या ग्रंथात, सातव्या प्रकरणात, जसाच्या तसा शिल्लक आहे.

पहिली चूक इथेच होते. हे क्लेप्सिड्रा म्हणजे पाणघड्याळ नव्हे. हे द्रव उचलून घ्यायचं घरगुती भांडं होतं: खाली गोलसर पोट, पोटाच्या बुडाला चाळणीसारखी बारीक भोकं, वर निमुळती नळी आणि तिचं तोंड अंगठ्याने झाकता येईल एवढं. वरचं तोंड उघडं ठेवून भांडं बुडवलं की खालून पाणी शिरतं. तोंड दाबून उचललं की पाणी आत अडकून राहतं. अंगठा काढला की धारा लागतात. आणि कोरडं भांडं तोंड दाबूनच बुडवलं तर पाणी आत शिरतच नाही, कारण आत हवा बसलेली असते. 'रिकामं' भांडं रिकामं नसतं, हवा ही जागा अडवणारी वस्तू आहे, हे त्या काळी दाखवायचं याहून स्वस्त साधन नव्हतं.

एम्पेडॉक्लीस म्हणतो, शरीरभर पसरलेल्या नळ्यांत रक्त अर्धंच भरलेलं असतं आणि त्यांच्या टोकांना बारीक छिद्रं असतात. छिद्रं इतकी लहान की रक्त बाहेर येत नाही, पण हवा आत जाते. रक्त आत ओसरलं की हवा घुसते (उच्छ्वासाच्या उलट क्रिया), रक्त उसळून वर आलं की हवा बाहेर फेकली जाते. ही छिद्रं नाकात आहेत की सगळ्या कातडीवर, यावर आजही वाद आहे. ग्रीक रूप दोन्हीकडे लागू पडतं. ॲरिस्टॉटलने नाक धरलं आणि मग एम्पेडॉक्लीसला झोडपलं. मला कातडीचं वाचन जास्त पटतं, कारण उताऱ्यात नळ्या शरीराच्या कडेपर्यंत पसरल्याचं आलंय.

घरी करून बघायचं असेल तर: अर्ध्या लिटरची कडक बाटली घ्या. बुडाला तापवलेल्या दाभणाने साधारण २ मिलिमीटरची १०-१२ भोकं पाडा. झाकणाला एक भोक, बोटाने बंद होईल असं. पाण्यात बुडवा, भरू द्या, बोट दाबा, सरळ उचला. फसतं ते तीन कारणांनी. भोकं मोठी झाली तर पाण्याचा पृष्ठताण पुरत नाही, एका भोकातून हवा शिरते आणि दुसऱ्यातून पाणी गळतं. बाटली तिरकी धरली तरी तेच, वरच्या बाजूच्या भोकांतून हवा आत. आणि बाटली मऊ असेल तर हाताच्या दाबानेच पाणी बाहेर पडतं. खांद्याला न धरता गळ्याला धरा.

---

तळटीप

@खलबत्ता, कंसातलं 'उच्छ्वासाच्या उलट क्रिया' ऐवजी सरळ 'श्वास आत घेणे' म्हणा, वाचणारा अडखळतो.

अवांतर: अलेक्झांड्रियाचा वैद्य हेरोफिलस रोग्याची नाडी क्लेप्सिड्राने मोजायचा, रोग्याच्या वयानुसार त्यात पाणी भरून, अशी एक नोंद आहे. ते मात्र खरोखरचं पाणघड्याळ. नाव एक, वस्तू दोन.

---

अर्धविराम

मी वैद्यकाच्या बाजूने लिहितो. खरा पेच आहे तो धमन्यांचा.

कॉसच्या प्रॅक्सागोरसने इ. स. पूर्व चौथ्या शतकात धमन्या आणि शिरा स्पष्टपणे वेगळ्या केल्या आणि काम वाटून दिलं: शिरांत रक्त, धमन्यांत न्यूमा. आज हे हास्यास्पद वाटतं, पण मेलेल्या प्राण्याचं अंग उघडलं की दिसतं तसंच. मृत्यूनंतर धमन्यांच्या जाड भिंती आकसतात, रक्त शिरांकडे ढकललं जातं आणि धमनी कापली तर ती पोकळ, बहुधा रिकामी निघते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरूनच ही चूक झाली.

एरासिस्ट्रेटसने (इ. स. पूर्व तिसरं शतक) यावर पूर्ण यंत्रणा उभी केली. हवा फुप्फुसात. तिथून आज आपण फुप्फुस-शीर म्हणतो त्या वाहिनीने हृदयाच्या डाव्या कप्प्यात. तिथे तिचा होतो 'झोतिकोन' म्हणजे जीवनदायी न्यूमा. हृदय भात्यासारखं फुगतं, आकसतं आणि तो धमन्यांत ढकलतं. त्यातला काही मेंदूकडे जातो आणि तिथे 'प्सुखिकोन' न्यूमा होतो. तो मज्जातंतूंतून जाऊन संवेदना आणि हालचाल चालवतो. माघारी येऊ नये म्हणून हृदयात झडपा आहेत. झडपांचं त्याचं वर्णन इतकं नेमकं आहे की गेलन, जो त्याला एरवी सोडत नाही, तोही तिथे मान डोलावतो.

आता उघड आक्षेप: जिवंत माणसाची धमनी कापली की रक्त उडतं, हवा नाही. त्याचं उत्तर तयार होतं. धमनी कापताच न्यूमा निसटतो, डोळ्यांना न दिसता. पोकळी तर निसर्गात राहू शकत नाही, म्हणून शिरा आणि धमन्यांना जोडणारी एरवी बंद असलेली सूक्ष्म तोंडं उघडतात आणि शिरांतलं रक्त ती जागा भरायला धावतं. म्हणजे दिसतं ते रक्त धमनीचं नव्हेच, शिरेतून उसनं आलेलं. या उत्तराला नुसत्या बोलण्याने छेद देता येत नाही. तर्क म्हणून ते फार देखणं आहे.

याचा परिणाम थेट उपचारांवर झाला. अन्न जास्त झालं की शिरा रक्ताने तट्ट फुगतात (याला तो 'प्लेथोरा' म्हणतो), रक्त जोडतोंडांतून धमन्यांत सांडतं, न्यूमाची वाट अडते, त्यातून दाह आणि ताप. मग इलाज काय? शिरा रिकाम्या करा, पण कापून नव्हे: रोग्याला उपाशी ठेवा, हातापायांना पट्ट्या आवळून बांधा म्हणजे रक्त तिथेच थोपून राहतं. फासद खोलण्याला (शीर कापून रक्त काढण्याला) त्याने फारशी जागा ठेवली नाही. गेलनने याच मुद्द्यावर त्याच्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

---

शंकेखोर

मग गेलनने ते खोडलं कसं? तर्काने छेद देता येत नाही म्हणता, प्रयोगाने?

---

अर्धविराम

प्रयोगानेच. गेलन (जन्म इ. स. १२९, पर्गमम) याची एक छोटी पुस्तिका आहे, विषय एवढाच: धमन्यांत रक्त स्वभावतः असतं का. कृती अशी. जिवंत प्राण्याची वरवर असलेली धमनी कातडी बाजूला करून उघडी पाडायची. तिला दोन ठिकाणी दोरा बांधायचा, मधे थोडी जागा ठेवून. मग मधला तुकडा कापायचा. तो रक्ताने भरलेला निघतो.

दोन्ही टोकं बांधल्यावर उसनं रक्त यायला वाटच राहिली नाही, म्हणजे ते आधीपासून तिथे होतं. आधी कापून मग बांधलं तर पुरावा गेला. एरासिस्ट्रेटसचे चेले म्हणतील की तेवढ्या वेळात रक्त आलं. बांधणं आधी, कापणं नंतर, यातच सगळं आहे.

बारीक सुईने टोचण्याचा मुद्दाही त्याने लावून धरला. टोचताक्षणी रक्त येतं. शरीरभरच्या धमन्यांतला न्यूमा आधी त्या सुईच्या भोकातून बाहेर पडायचा असेल तर काही वेळ तरी जायला हवा की नको?

पण लक्षात घ्या, गेलनने न्यूमा हाकलला नाही. त्याच्या मते धमन्यांत रक्त आणि न्यूमा दोन्ही असतात, मिसळलेले.

---

बोरूबहाद्दर

म्हणजे शेवटी तीन न्यूमे: यकृतात नैसर्गिक, हृदयात जीवनदायी, मेंदूत मानसिक. पाठ्यपुस्तकात असाच तक्ता असतो.

---

अर्धविराम

तक्ता सुबक आहे, पण गेलनचा नाही. मानसिक न्यूमाबद्दल तो ठाम आहे, जीवनदायी न्यूमाबद्दल बऱ्यापैकी ठाम. यकृतातल्या नैसर्गिक न्यूमाचा उल्लेख तो 'असलाच तर' अशा सुरात करतो. तिघांची नीट उतरंड नंतरच्या मंडळींनी लावली. बगदादच्या हुनैन इब्न इसहाकच्या वैद्यकप्रवेशातून ती अरबी आणि मग लॅटिन शिक्षणात गेली. तक्त्यावर गेलनचं नाव घालू नये.

मेंदूतल्या न्यूमाचा कारखाना मात्र त्याचाच. मेंदूच्या बुडाशी धमन्यांचं दाट जाळं असतं, त्यात जीवनदायी न्यूमा रेंगाळतो, पिकतो आणि मेंदूच्या पोकळ्यांत मानसिक होतो, असं तो सांगतो. हे जाळं बैलात, मेंढीत सुरेख दिसतं. माणसात ते नाही. गेलनने माणसाचं शवविच्छेदन केलेलं नव्हतं, जनावरांवरून अंदाज लावला. शरीररचनाशास्त्रज्ञ बेरेंगारिओ दा कार्पीने १५२० च्या दशकात 'मला हे सापडत नाही' असं स्पष्ट लिहिलं. व्हेसॅलियसने १५३८ च्या आपल्या चित्रांत जाळं काढलंय! १५४३ मध्ये त्याने ते नाकारलं आणि आधी वर्गात दाखवायला मेंढीचं किंवा बैलाचं डोकं हाताशी ठेवायचो हेही सांगून टाकलं.

---

फुंकणी

गेलन न्यूमाला जीव न म्हणता हत्यार का म्हणतो, याचं कारणही प्रयोगातच आहे. जिवंत प्राण्याची कवटी काढायची आणि मेंदूच्या पोकळ्या एकेक करून दाबायच्या किंवा छेदायच्या. प्राणी निपचित पडतो, संवेदना आणि हालचाल थांबतात; मागच्या पोकळीला इजा झाली तर सगळ्यात जास्त. पण मरत नाही. आणि कापलेलं परत मिटलं की काही वेळाने शुद्धीवर येतो. यावरून तो म्हणतो: पोकळीतला न्यूमा हाच जीव असता तर तो निसटताच प्राणी मेला असता. मेला नाही, सावरला. म्हणजे न्यूमा हे जिवाचं पहिलं हत्यार. ते पुन्हा साठलं की काम सुरू.

अशा कामाला माकड नको, डुक्कर किंवा बकरी घ्या, असं तो सांगतो. कारण? माकडाच्या चेहऱ्यावरचे भाव बघवत नाहीत. आजच्या वाचकाला हे सगळंच क्रूर वाटेल, आणि ते आहेच.

---

पडवीतला

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यात स्टोइक मागे पडलेत, आणि त्यांच्याशिवाय न्यूमाचा विषय अर्धा राहतो. त्यांना 'हत्यार' चालत नाही. पंथाचा संस्थापक झेनो याचा युक्तिवाद छोटा आहे: जे निघून गेल्यावर प्राणी मरतो तो त्याचा जीव. जन्मजात न्यूमा निघून गेल्यावर प्राणी मरतो. म्हणून जीव म्हणजे न्यूमा. आणि जे निघून जाऊ शकतं ते शरीरच असणार, म्हणून जीवही शरीर.

त्याच पंथाच्या क्रिसिपसने (इ. स. पूर्व तिसरं शतक) त्याला भौतिकशास्त्र दिलं. न्यूमा म्हणजे अग्नी आणि हवा. ही दोन तत्त्वं कर्ती. माती आणि पाणी सोसणारी. न्यूमा प्रत्येक वस्तूत आरपार भिनलेला असतो आणि एकाच वेळी आत आणि बाहेर अशा दोन्ही दिशांनी ताणलेला असतो. बाहेरच्या ओढीने वस्तूला आकारमान आणि गुण मिळतात, आतल्या ओढीने एकपणा. ताण कमी तिथे तो 'हेक्सिस': दगड, लाकूड, हाडं. त्याहून वर 'फुसिस': झाडं. त्याहून वर 'प्सुखे': प्राणी. पदार्थ तोच, ताण वेगळा.

माणसाच्या जिवाचे आठ भाग: पाच इंद्रियं, वाणी, बीज आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा 'हेगेमोनिकोन', जो हृदयात बसतो. तिथून बाकीचे सात ऑक्टोपसच्या हातांसारखे पसरतात, ही उपमा त्यांचीच.

अडचण कुठे येते? मिश्रणात. दोन शरीरं एकाच जागी कशी राहतील? क्रिसिपसचं उत्तर असं की पूर्ण मिश्रणात ती राहतात, आणि समुद्रात पडलेला वाइनचा एक थेंबही अख्ख्या समुद्रभर पसरतो. पुरावा म्हणून तेल लावलेला स्पंज पाणी मिसळलेल्या वाइनमध्ये बुडवला की पाणी वेगळं निघतं, असं स्टोइक सांगत. ॲफ्रोडिसियसच्या अलेक्झांडरने यावर पूर्ण ग्रंथ लिहून तुटून पडायचं काम केलं, आणि माझ्या मते त्याचा आक्षेप स्टोइकांना कधीच पुरता फेडता आला नाही.

जन्माबद्दलही त्यांचं ठाम मत होतं: गर्भ झाडासारखा वाढतो, त्याच्यात फुसिस असते. बाहेर पडताच थंड हवेचा झटका बसतो आणि न्यूमा 'प्सुखे' बनतो. थंडीने जीव तयार होतो आणि तरी जीव हा सगळ्यात उष्ण न्यूमा, हे कसं जमतं, असं प्लूटार्क चिमटा काढतो. मरणानंतर काय यावर घरातच भांडण. क्लिअँथीस म्हणे सगळे जीव विश्वदाहापर्यंत टिकतात. क्रिसिपस म्हणे फक्त शहाण्यांचे.

---

शंकेखोर

हुकूम चालवणारा भाग हृदयात कशावरून?

---

पडवीतला

आवाजावरून. बोलणं विचारातून निघतं, आवाज छातीतून घशाकडे येतो, म्हणून विचारही छातीत. 'मी' म्हणताना हनुवटी छातीकडे झुकते, हाही क्रिसिपसचा पुरावा. हा मला त्याच्या मानाने फारच पातळ वाटतो.

---

अर्धविराम

आणि याच पुराव्यावर गेलनने डुक्कर ओरडतं ठेवलं. श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना केसासारखे बारीक मज्जातंतू आहेत. ते मेंदूकडून खाली छातीत जातात आणि वळसा घेऊन परत स्वरयंत्राकडे येतात. ओरडणाऱ्या डुकराचे हे तंतू वाकड्या सुईने दोरा घालून बांधले की ओरडणं थांबतं. प्राणी जिवंत, श्वास चालू, तडफड चालू, आवाज बंद. गाठ सोडली की आवाज परत. त्यासाठी दोरा इतकाच आवळायचा की तंतू चिरडला जाऊ नये, आणि गाठ सरकती हवी. म्हणजे हवा छातीतून येते हे खरं, पण हुकूम मेंदूचा.

रोममध्ये फ्लेवियस बोएथस या बड्या रोमन अधिकाऱ्यासाठी हे दाखवायचं ठरलं तेव्हा दमास्कसच्या अलेक्झांडर या तत्त्वज्ञाने सुरुवातीलाच विचारलं: इंद्रियांवर विश्वास ठेवायचा हे आधी मान्य करायचं का? गेलन उठून निघून गेला. नंतर त्याने ते दाखवलं, पण त्या दिवशी नाही.

---

बोरूबहाद्दर

ॲरिस्टॉटल राहिला. त्याचा न्यूमा नाकातून येणारा नाही ना?

---

फुंकणी

नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. त्याच्याकडे श्वासाचं काम एकच: हृदयाच्या उष्णतेला गारवा देणं. न्यूमा वेगळा, तो जन्मजात, आतल्या उष्णतेने सतत तयार राहणारा. न श्वास घेणाऱ्या प्राण्यांतही तो असतो. माश्या, मधमाश्या गुणगुणतात ते आतला न्यूमा कमरेजवळच्या पातळ पडद्यावर घासल्यामुळे, असं तो म्हणतो. पोरं वेळूला पातळ पापुद्रा लावून वाजवतात तसं. जीव वाऱ्यावर वाहत येतो आणि श्वासाबरोबर आत शिरतो, या ऑर्फिक ओळींना त्याचं उत्तरही तेच: झाडं श्वास घेत नाहीत, काही प्राणी घेत नाहीत, मग त्यांच्यात जीव कसा शिरला?

हालचालीसाठी हा न्यूमा लागतो कारण तो जाळून न टाकता, दुसरा पदार्थ न बनता फुगतो आणि आकसतो. ढकलतो आणि ओढतो. रेत म्हणजे पाणी आणि न्यूमा यांचा फेस. फेस म्हणून पांढरं, आणि थंड झालं की न्यूमा उडून जातो म्हणून पातळ. त्या फेसातल्या उष्णतेची जात ताऱ्यांच्या तत्त्वाशी जुळणारी, असंही एक वाक्य आहे, आणि त्या एका वाक्यावर नंतरच्या लोकांनी पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या. जीव मात्र शरीराचं रूप, त्याची पूर्तता. न्यूमा नव्हे.

---

शंकेखोर

शेवटी विचारतोच. हा आपला प्राणच झाला की. पंचप्राण आहेत, इकडे तीन-चार आहेत.

---

तळटीप

वरून सारखं दिसतं, खोलात गेलं की रचना वेगळी. पंचप्राणांची वाटणी दिशेवर आणि कामावर आहे: प्राण, अपान, व्यान, उदान, समान. गेलनकडची वाटणी प्रक्रियेच्या टप्प्यांवर, एकच माल पुढे पुढे शुद्ध होत जातो. छांदोग्याच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांचं भांडण आहे, त्यात प्राण निघायला लागतो तेव्हा बाकीची इंद्रियं उपटली जातात; स्टोइकांचा हेगेमोनिकोन याच्या बराच जवळचा, गेलन लांबचा. फ्रेंच अभ्यासक फिलिओझा याने १९४९ मध्ये हिप्पोक्रॅटिक वायूविषयक ग्रंथ आणि आयुर्वेदातला वात यांची तपशीलवार तुलना केली, ती वाचण्यासारखी आहे. पण नुसतं साम्य म्हणजे उसनवारी नव्हे. मेलेला श्वास घेत नाही, हे दोन्हीकडच्या लोकांना दिसतच होतं.

---

खलबत्ता

एक राहिलं, गेलनचा नळीचा प्रयोग. धमन्या ठोके का देतात? एरासिस्ट्रेटस म्हणे हृदयाने ढकललेला न्यूमा त्यांना फुगवतो. गेलन म्हणे ठोक्याची शक्ती हृदयातून धमनीच्या भिंतीतून पसरते. कृती: मांडीच्या सांध्याजवळची मोठी धमनी उघडी करा, लांबीत चीर द्या, तेवढ्याच जाडीची वेळूची किंवा पितळी नळी आत सरकवा, म्हणजे चीर बुजेल. पलीकडे ठोका चालूच. आता नळीवर धमनीची भिंत दोऱ्याने घट्ट आवळा. नळीतून वाट मोकळी, भिंतीची वाट बंद. गेलन सांगतो, पलीकडचा ठोका थांबला.

निष्कर्ष चुकीचा आहे, मग प्रयोग असा का दिसला? नळीची जाडी धमनीच्या पोकळीतली जागा खाते, रक्त तिच्यात गोठतं, आवळल्यावर उरलासुरला प्रवाहही मंदावतो. रक्ताभिसरण मांडणाऱ्या हार्वीने १६२८ मध्येच शंका घेतली की रक्ताच्या जोरापुढे हे जिवंत प्राण्यात धड करताच कसं येईल. आणि १६४९ मध्ये आपला विरोधक रिओलाँ याला दिलेल्या उत्तरात त्याने निसर्गानेच केलेला तोच प्रयोग मांडला: एका उमरावाच्या शरीरातली महाधमनी, पायांच्या फाट्यांसकट, हाडासारखी कडक नळी झालेली होती, भिंतीतून काही पसरायची सोयच नव्हती, आणि तरी खालच्या धमन्यांत ठोका होता. त्याच लिखाणात तो हेही म्हणतो की कारण सापडलं नाही की लोक 'स्पिरिट'चं नाव घेऊन सुटका करून घेतात. स्पिरिट म्हणजे लॅटिनमधून आलेला हाच न्यूमा.